घटस्थापनेला पेरा, दिवाळीला खुडा : शरदातल्या घरच्या बागेचं वेळापत्रक

पंचांगात शरद ऋतू दोन महिन्यांचा, आश्विन आणि कार्तिक. घरच्या बागेच्या हिशोबाने मात्र त्यातले खरे कामाचे आठवडे सहाच, घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत. पाऊस परतलेला असतो किंवा परतायच्या बेतात असतो, माती आतून ओली असते, दुपारी ऑक्टोबरचा चटका आणि पहाटे दव. पालेभाज्यांचं बी टाकायला मला वर्षातला हाच काळ सगळ्यात भरवशाचा वाटतो.

या दिवसांतल्या सणांमधलं अंतर फारसं बदलत नाही. घटस्थापनेनंतर नऊ-दहा दिवसांनी दसरा, त्यापुढे वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन आणि आणखी बाराएक दिवसांनी तुळशीचं लग्न. आता भाज्यांचे दिवस त्याशेजारी मांडून बघा. मेथीला पंचवीस ते तीस दिवस लागतात, म्हणजे घटस्थापनेला टाकलेली मेथी लक्ष्मीपूजनाच्या आसपास ताटात येते. मुळ्याला आणि कोथिंबिरीला चाळीसच्या वर, म्हणजे ती तुळशीच्या लग्नाला. म्हणून मी इंग्रजी तारखा न लिहिता सणांवरूनच पेरते. लक्षात राहायला सोपं जातं.

एक सावधगिरी मात्र हवी. तिथी इंग्रजी महिन्यात पुढेमागे सरकते. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती ११ ऑक्टोबरला येते. लवकर आली तर पाऊस सुरूच असतो, तेव्हा पेरलेल्या वाफ्यावर पत्रा किंवा प्लास्टिक तिरकं धरायची सोय करा. उशिरा आली तर चिंता उन्हाची. पहिले आठ दिवस दुपारची सावली लागेल.

आधी पावसाने थकलेल्या कुंड्या

हे काम पितृपक्षात उरकावं. त्या पंधरवड्यात नवी खरेदी करत नाहीत, पण कुंड्या रिकाम्या करायला कुणाची हरकत नसते.

चार महिन्यांच्या पावसाने दोन गोष्टी होतात. मातीतलं पोषण पाण्याबरोबर वाहून जातं आणि माती दबून घट्ट बसते. वर हिरवं शेवाळं दिसलं की समजायचं, आत हवा जात नाही. प्रत्येक कुंडी आडवी करून खालचं भोक बघा. बऱ्याचदा ते मुळांनी किंवा गाळाने बुजलेलं असतं. काडीने मोकळं करा आणि कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवा.

ज्यांचा हंगाम संपला ती भेंडीची झाडं आणि काकडी, दोडक्याच्या वेली काढून टाका. ती माती जुन्या चादरीवर किंवा प्लास्टिकवर पातळ पसरून तीन-चार दिवस कडक ऊन दाखवा, रोज एकदा वर-खाली करा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड अळी सापडली तर ती हुमणी. वेचून बाहेर काढा, ती मुळं खाते.

मग माती पुन्हा बांधायची. उन्हात तापलेली जुनी माती तीन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. माती काळी, चिकट असेल तर एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्याला शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, कोवळी मुळं जाळेल. नीट कुजलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. मिश्रण ओलसर करून आठवडाभर तसंच ठेवा आणि मग पेरा.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसत असेल तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. गोगलगायींना औषधाची गरज नाही. रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या वेचा.

घट म्हणजे बियाण्याची परीक्षाही

परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट, भोवती गहू, ज्वारी आणि इतर धान्यं. नऊ दिवसांत वीतभर पिवळसर अंकुर येतात आणि दसऱ्याला ते देवाला वाहून टोपीत, पागोट्यात, केसांत खोवतात. रब्बीची पेरणी तोंडावर असते, तेव्हा घरातलं कोणतं धान्य कसं उगवतं ते यात आपसूक दिसतं.

घट मातीचा का, हे बागकामाच्या नजरेने पाहिलं तर लगेच कळतं. भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी सतत पाझरतं आणि भोवतीच्या मातीला हवी तेवढीच ओल मिळते. तांब्याचा कलश ठेवला तर पाणी वरून शिंपडावं लागतं, ते जास्त होतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आंबूस वास सुटतो. कलशच ठेवायचा असेल तर दिवसातून एकदा, हाताने, फक्त शिंतोडे द्या. अंकुर पिवळे राहतात ते देवघरात उजेड कमी म्हणून. दसऱ्यानंतर उरलेले खिडकीत ठेवले की एक-दोन दिवसांत हिरवे होतात.

हीच परीक्षा भाजीच्या बियांची घ्या. ओल्या सुती फडक्यात वीस बिया गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं वाळू देऊ नका. मेथी तीन दिवसांत, मुळा चारेक दिवसांत मोड दाखवतो. वीसपैकी पंधरा-सोळा उगवल्या तर बी चांगलं. दहाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी आल्या तर ते बी फोडणीला.

काय पेरायचं, कसं पेरायचं

फळवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट पालेभाजीला कुंडीपेक्षा उत्तम. आतून जुनी शेडनेट किंवा गोणपाट लावा आणि सात-आठ इंच माती भरा.

मेथीपासून सुरुवात करा, ती नवख्यालाही फसवत नाही. दाणे सहा-सात तास भिजवा, ओल्या मातीवर दाट पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा आणि झारीने पाणी द्या. तीन-चार दिवसांत उगवते. मुंबईकडे वाळूत वाढवलेल्या मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, ती समुद्रमेथी. तशी कोवळी हवी असेल तर दोन आठवड्यांच्या आतच उपटा. मोठी हवी असेल तर महिनाभर थांबा, आणि मुळासकट न उपटता खालची दोन पानं ठेवून कात्रीने कापा. दुसरा, थोडा विरळ फुटवा मिळतो.

कोथिंबिरीत बहुतेकांची गडबड होते ती घाईने. एका धन्यात दोन बिया असतात. धने फरशीवर पसरून लाटण्याने हलकेच रगडा, दोन फाका व्हायला हव्यात, भुगा नको. रात्रभर भिजवा, चार इंचांवर ओळी पाडून एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी ‘बी खराब निघालं’ म्हणून वाफा उकरणारी माणसं मी पाहिली आहेत. दुपारच्या उन्हाने कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून तिला सकाळचं ऊन मिळेल अशी जागा द्या.

मुळा जिथे पेराल तिथेच वाढवायचा. रोप उचलून लावलं तर मूळ वाकडं, फाटं फुटलेलं येतं. किमान दहा इंच खोल माती, बिया एक इंचावर. बोटभर झाली की मधली रोपं उपटून अंतर चार इंच करा. उपटलेल्या पाल्याची डाळ घालून भाजी करा. पालकाचं वेळापत्रक साधारण मेथी आणि मुळ्याच्या मधलं, फार सांगण्यासारखं काही नाही.

लसणाच्या पाकळ्या टोक वर करून इंचभर खोल, चार इंचांवर. तीन आठवड्यांत पात मिळू लागते. गड्डा हवा असेल तर पात खुडू नका आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाट पाहा. मोड आलेले कांदे तर फेकूच नका, मातीत अर्धे दडपले की पातीची सोय झाली. टोमॅटो, वांगी, मिरचीची तयार रोपं रोपवाटिकेतून आणून दसऱ्याच्या सुमारास, संध्याकाळी लावा.

पाणी शक्यतो सकाळी द्या. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी नको. वरची माती वाळल्यासारखी दिसते म्हणून रोज ओतत राहणं हे ऑक्टोबरमध्ये रोपं मरण्याचं मोठं कारण.

फुलांबद्दल दोन गोष्टी. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी आषाढ-श्रावणातच पडायला हवं, कारण फुलायला त्याला दोनेक महिने लागतात. आता पेराल तो मार्गशीर्षात फुलेल. तोही वाईट नाही, गुरुवारच्या पूजेला होतो. आणि शेवंती. तिला कळ्या धरायला लांब, अखंड अंधाराच्या रात्री लागतात. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा बाल्कनीतल्या बल्बचा उजेड रात्रभर पडत असेल तर झाड नुसतं पानांनी माजतं. खतं बदलण्याआधी कुंडीची जागा बदलून बघा. आणि आता शेंडे खुडू नका, त्याची वेळ श्रावणात गेली.

टोपलीतला शरद : सिताफळ आणि आवळा

या ऋतूचं फळ म्हणजे सिताफळ. पुरंदर, दौलताबाद आणि बीडची नावं त्यासाठी आधीपासून आहेत, बीडच्या सिताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घरचं झाड असो की बाजारातलं फळ, खूण एकच: डोळे पसरट झालेले आणि दोन डोळ्यांमधली फट पिवळसर-पांढरी. असं फळ कागदात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवलं की दोन-चार दिवसांत मऊ होतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. ते काळं पडतं आणि पिकत नाही.

गर काढायचा तर मोठ्या भांड्यात घेऊन रवीने हलक्या हाताने घुसळा, बिया सुट्या होतात. मिक्सर नको. बिया विषारी असतात आणि फुटल्या तर गरही कडू लागतो. उवांवर त्यांची पूड लावायचा जुना उपाय डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. गर तापवला तरी कडवटपणा येतो. म्हणून बासुंदी आधी आटवा, पूर्ण गार करा, मग त्यात गर मिसळा. कोजागिरीच्या रात्री मसाला दुधाऐवजी हे करून बघा. घरातले जुने लोक कुरकुरतील, पण वाटी रिकामीच परत येईल. उरलेला गर थोडी साखर आणि लिंबाचे चार थेंब घालून डब्यात गोठवता येतो.

आवळा कार्तिकात येतो. शुद्ध नवमीला आवळीभोजन ते त्याचमुळे. घरात उन्हाची सोय असेल तर आवळा सुपारी हा सगळ्यात बिनकटकटीचा प्रकार. एक किलो आवळे धुऊन, पुसून, जाडसर किसा. दोन मोठे चमचे मीठ (निम्मं सैंधव), एक चमचा जिरेपूड, एक चमचा ओवा आणि दोन इंच आल्याचा रस चोळा. दोन तास मुरू द्या, मग स्टीलच्या ताटात पातळ पसरून वर मलमल घाला आणि तीन-चार दिवस वाळवा. संध्याकाळी आठवणीने आत घ्या, दवाने कीस पुन्हा ओलावतो आणि बुरशी धरते. लोखंडाचं भांडं किंवा किसणी वापरू नका, कीस काळा पडतो. कडक वाळला की काचेच्या बरणीत.

पारंपरिक आकाशकंदील, चोवीस काड्यांचा

या कंदिलाची आकृती दिसते अवघड, पण सगळ्या काड्या एकाच लांबीच्या असतात. बाजूला टोकावर उभे चार चौकोन, वर एक आडवा चौकोन, खाली एक, आणि मध्ये आपोआप तयार होणारे आठ त्रिकोण.

१. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणा, पेन्सिलीपेक्षा बारीक. २२ सेंटिमीटरच्या चोवीस काड्या कापा. दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर बांधणीत जातो. शिवाय ३० सेंटिमीटरच्या चार काड्या आडव्या आधारासाठी. कडा पॉलिशपेपरने घासा, नाहीतर कुसळं बोटात जातात.

२. सोळा काड्यांचे चार चौकोन बांधा. प्रत्येक कोपरा जाड दोऱ्याने फुलीत चार-पाच वेढे देऊन आवळा आणि गाठीवर गोंदाचा थेंब टाका.

३. चारही चौकोन टोकावर उभे धरा आणि शेजारच्या कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पूर्ण करा. या कामाला दोन माणसं लागतातच.

४. आता वर चार टोकं मोकळी आहेत आणि खाली चार. वरची चार टोकं चार काड्यांनी जोडा, तशीच खालची.

५. सांगाडा या वेळी हातात डुगडुगतो, पिळतो. घाबरू नका. वरच्या चौकोनात लांब काड्यांची फुली बांधा, तशीच खालच्या चौकोनात. लगेच ताठ होतो. वरच्या फुलीच्या मध्यावरच होल्डर लटकवायचा.

६. खळ करा: चार चमचे मैदा दीड वाटी पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पूर्वी झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलं हाताळणार असतील तर नको, ताजी खळ करणं सोपं.

७. पतंगी कागदावर सांगाड्याचा एकेक चौकोन, त्रिकोण टेकवून आखा आणि सगळ्या बाजूंनी एक सेंटिमीटर जादा ठेवून कापा. जादा पट्टी काडीवरून आत वळवून चिकटवा. चौकोन एका रंगाचे, त्रिकोण पांढरे; उजेड त्रिकोणांतून चांगला पडतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, त्यातून गरम हवा बाहेर जाते.

८. खालच्या चार कोपऱ्यांना झिरमिळ्या. कागदाच्या घड्या घालून वरचे दोन इंच सोडून बारीक कापा.

आत पाच ते सात वॉटचा एलईडी बल्ब पुरतो. जुना साठ वॉटचा बल्ब कागद तापवतो, तो नको. दिवाळीत अवकाळी सरी येतात, तेव्हा कंदील छज्जाखालीच टांगा. आणि शेवंतीच्या कुंडीवर तर नकोच.

तोरणातल्या झेंडूचा रंग

दसऱ्याची तोरणं वाळली की पाकळ्या सुट्या करा, हिरवं देठ टाका, त्याने रंग मळकट होतो. शंभर ग्रॅम सुती कापडाला शंभर ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या लागतात.

सुताला रंग सहज धरत नाही, त्याला आधी हिरडा लागतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून गोळा होणारा हाच हिरडा आयुर्वेदिक दुकानात पूड करून मिळतो. वीस ग्रॅम पूड कोमट पाण्यात कालवून त्यात धुतलेलं कापड रात्रभर भिजवा, पिळा आणि न धुता वाळवा. दुसऱ्या दिवशी पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात चार-पाच तास, मग हलकेच खळबळा. पाकळ्या स्टीलच्या पातेल्यात तासभर उकळून गाळा, त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ठेवा, रात्रभर तसंच राहू द्या. हळदीपेक्षा खोल पिवळा येतो आणि हळदीसारखा उन्हात पटकन उडत नाही. मेंदीचा हिरवा हवा असेल तर गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून त्याचे काही थेंब शेवटी घाला. आधी कापडाच्या तुकड्यावर बघा. हिरड्यावर लोखंड पडलं की रंग झपाट्याने काळवंडतो. सावलीत वाळवा, पातेलं स्वयंपाकात परत नेऊ नका.

किल्ला, तुळस आणि ऊस

किल्ल्यावरच्या हिरवळीसाठी हळीव घ्या. भिजला की चिकट होतो आणि उतारावरून घसरत नाही. मोहरी आणि नाचणी सपाट माचीवर ठीक. वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पसरा, रोज दोनदा फवाऱ्याने पाणी द्या, झारीने तटबंदी वाहून जाते. दिवाळी संपली की माती चाळून, विटांचे तुकडे काढून, खत मिसळून कुंड्यांना परत द्या.

तुळशीला पावसानंतर मंजिऱ्यांचा भार होतो आणि झाड लवकर खराटा होतं. लग्नापर्यंत चार-पाच मंजिऱ्या ठेवून बाकीच्या खुडा. ठेवलेल्या तपकिरी झाल्या की तळहातावर चोळून बी काढा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. पेरायचं उन्हाळ्याच्या शेवटी, थंडीत नाही.

मांडवाचे ऊस मुलं खातातच. एखादा उरला आणि त्याचे डोळे शाबूत असले तर तीन डोळ्यांचं कांडं कापून मातीत आडवं, दोन इंच खोल पुरा. थंडी असल्याने कोंब यायला महिनाभर लागू शकतो. त्याला अर्धा ड्रम माती आणि पूर्ण ऊन लागतं; बारा इंची कुंडीत लावलात तर वर्षभर नुसती पातीच पाहाल.